पाणी मुरते कसे आणि थांबते कोठे?

मृगाचा पाऊस पडून गेला की खेडोपाडी एक प्रश्न हमखास विचारला जातो. ओढ्याला दोन वेळा पाणी येऊन गेले, रान भिजले, तरी विहिरीची पातळी हातभरही वर का आली नाही? उलट श्रावण-भाद्रपदात एखादा मध्यम पाऊस होतो आणि चार-आठ दिवसांत विहिरींना पाझर फुटतो. जमीन तीच, विहीर तीच आणि पाऊसही जवळजवळ तेवढाच. मग परिणामात एवढे अंतर का पडावे?

या प्रश्नाचे उत्तर आकाशात नसून जमिनीत आहे. पाऊस पडण्यापूर्वी माती ओली होती की कोरडी, यावर त्या पाण्याचा पुढचा सारा प्रवास अवलंबून असतो. १९७२ च्या दुष्काळापासून आपल्या राज्यात पाझर तलाव, नाला बांध, ढाळीचे बांध, समतल चर अशी मृद व जलसंधारणाची कामे फार मोठ्या प्रमाणावर झाली. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा शाळेतील मुलांनाही पाठ आहे. परंतु या घोषणेतील पहिला अर्धा भाग डोळ्यांना दिसतो आणि दुसरा दिसत नाही. बांध किती झाले, चर किती मीटर खोदले, हे मोजता येते. अडवलेले पाणी जिरले की नाही आणि जिरले तर कोठवर गेले, हे मात्र मातीचा स्वभाव जाणल्याखेरीज सांगता येत नाही. गावाचा आराखडा तयार करणाऱ्यांना हा स्वभाव ठाऊक असणे म्हणूनच आवश्यक आहे.

माती म्हणजे अर्धी पोकळी

आपण ज्या जमिनीवरून चालतो ती भरीव वाटते, पण वस्तुतः शेतजमिनीच्या एकूण आकारमानापैकी सर्वसाधारणपणे ४० ते ६० टक्के भाग पोकळ असतो. मातीच्या कणांमध्ये असंख्य लहानमोठी छिद्रे असतात आणि ती हवेने किंवा पाण्याने भरलेली असतात. रेताड जमिनीत ही छिद्रे संख्येने थोडी पण मोठी असतात. चिकणमातीत ती फार लहान, पण अगणित असतात. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक असतो, तर वाळूचा जाड कण दोन मिलिमीटरपर्यंत असू शकतो. कणांत जसे अंतर, तसेच त्यांच्यामधील छिद्रांतही.

छिद्राच्या आकाराला एवढे महत्त्व का, हे एका हिशेबावरून कळते. एक मिलिमीटर व्यासाच्या एका सरळ छिद्रातून जेवढे पाणी वाहते, तेवढे वाहण्यासाठी ०.१ मिलिमीटर व्यासाची दहा हजार छिद्रे लागतात. गांडुळाने केलेले बीळ, कुजलेल्या मुळाची नळी किंवा ढेकळांमधील फट यांतून पाणी झपाट्याने का उतरते आणि जनावरांच्या व यंत्रांच्या वर्दळीने दबलेल्या जमिनीवर ते का तुंबते, याचे कारण येथे सापडते. जमीन दबते तेव्हा प्रथम नाहीशी होतात ती मोठी छिद्रे.

दोन ओढी

जमिनीतील पाण्यावर मुख्यतः दोन शक्ती काम करतात. पहिली गुरुत्वाकर्षणाची. ती पाण्याला सदैव खाली ओढते. दुसरी शक्ती मातीच्या अंगची आहे. समईची वात ज्या शक्तीने तेल वर खेचते, त्याच केशाकर्षणाच्या शक्तीने मातीची बारीक छिद्रे पाणी धरून ठेवतात आणि ओल्या भागाकडून कोरड्या भागाकडे खेचून नेतात. ही ओढ खाली, वर, आडवी अशी कोणत्याही दिशेला असू शकते. जिकडे माती अधिक कोरडी, तिकडे ओढ अधिक.

छिद्र जेवढे बारीक तेवढी ही ओढ प्रबळ असते. एक मिलिमीटर व्यासाच्या नळीत पाणी सुमारे तीन सेंटिमीटर वर चढते, ०.१ मिलिमीटरच्या नळीत सुमारे ३० सेंटिमीटर, आणि ०.०१ मिलिमीटरच्या नळीत ते तत्त्वतः तीन मीटरपर्यंत चढू शकते. म्हणजे मोठी छिद्रे पाणी भराभर वाहू देतात, पण धरून ठेवू शकत नाहीत. लहान छिद्रे धरून ठेवतात, पण सहजासहजी वाहू देत नाहीत. पुढील सर्व विवेचन या एका वाक्यातून निघते.

ओल्या जमिनीतील प्रवास

जमीन पुरती भिजून तिची सर्व छिद्रे पाण्याने भरली, की पाण्याच्या हालचालीचा कारभार मोठ्या छिद्रांकडे आणि गुरुत्वाकर्षणाकडे जातो. अशा जमिनीतून पाणी किती वेगाने जाईल, याचा नियम फ्रेंच अभियंता दार्सी यांनी १८५६ साली मांडला. दीजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचा विचार करताना त्यांनी वाळूच्या स्तंभातून पाणी सोडून मोजमाप केले. पाण्याचा दाब जितका अधिक, तितका प्रवाह अधिक. थर जितका जाड, तितका प्रवाह कमी. आणि बाकी सर्व त्या थराच्या पार्यतेवर, म्हणजे पाणी पार होऊ देण्याच्या गुणावर अवलंबून, असा हा नियम आहे. भूजलाचे शास्त्र आजही याच पायावर उभे आहे.

भिजलेल्या रेताड जमिनीत दर तासाला ३० मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पाणी मुरू शकते. मध्यम पोताच्या जमिनीत हा वेग साधारणतः १० ते २० मिलिमीटर असतो आणि चिकणमातीत तो एक ते पाच मिलिमीटरवर येतो. तासाभरात ४० मिलिमीटर कोसळणारा वळीव भिजलेल्या काळ्या रानात मुरू शकत नाही तो यामुळेच. त्यातील बहुतेक पाणी माती सोबत घेऊन वाहून जाते. तेच ४० मिलिमीटर दिवसभराच्या रिमझिम पावसाने पडले, तर बरेचसे जमिनीत जाते.

वाफसा

पाऊस उघडल्यावर मोठ्या छिद्रांतील पाणी एक-दोन दिवसांत, भारी जमिनीत तीन-चार दिवसांत, खाली निघून जाते. त्यांची जागा हवा घेते. लहान छिद्रांत मात्र पाणी टिकून राहते, कारण तेथे मातीची ओढ गुरुत्वाकर्षणाला पुरून उरते. जमिनीच्या या अवस्थेला आपला शेतकरी ‘वाफसा’ म्हणतो. शास्त्रज्ञांनी उपकरणे लावून जी अवस्था निश्चित केली, ती शेतकऱ्याने मातीची मूठ दाबून आणि ढेकूळ फोडून फार पूर्वीच ओळखली होती.

वाफशानंतर पिकांची मुळे लहान छिद्रांतील पाणी घेत राहतात. पाणी कमी होते तसतशी उरलेल्या पाण्यावरील मातीची पकड घट्ट होत जाते आणि अखेर ती सुमारे १५० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाच्या दाबाइतकी होते. या मर्यादेपलीकडे बहुतेक पिकांना पाणी ओढता येत नाही व ती कायमची कोमेजतात. वाफसा आणि कोमेज या दोन मर्यादांमध्ये जेवढे पाणी मावते, तेवढीच पिकाच्या दृष्टीने जमिनीची खरी शिल्लक होय. चांगल्या काळ्या जमिनीत ही शिल्लक एक मीटर खोलीला १७५ ते २५० मिलिमीटर असते. हलक्या रेताड जमिनीत ती १०० मिलिमीटरच्या आतच राहते.

कोरड्या जमिनीतील प्रवास

आता कोरड्या जमिनीकडे वळू. कोरडी जमीन तहानलेली असते, म्हणून ती पाणी पटकन पिते आणि खाली पोचवते, असा सर्वसाधारण समज आहे. तो निम्माच खरा आहे. पहिल्या सरीचे पाणी कोरडी माती जोराने शोषून घेते, हे खरे. परंतु शोषून घेणे वेगळे आणि पुढे पोचवणे वेगळे. कोरड्या जमिनीत मोठी छिद्रे हवेने भरलेली असतात, त्यामुळे वाहतुकीचे राजमार्गच बंद पडतात. उरतात त्या बारीक छिद्रांतील आणि कणांभोवतीच्या पातळ पापुद्र्यातील अरुंद पाऊलवाटा. माती वाफशावरून कोमेजण्याच्या मर्यादेपर्यंत सुकते, तोवर तिची पाणी वाहून नेण्याची क्षमता हजारपटींनी किंवा त्याहूनही अधिक घटते.

ओलीनुसार बदलणाऱ्या या क्षमतेचा विचार एडगर बकिंगहॅम यांनी प्रथम पद्धतशीरपणे मांडला. त्यांचा निबंध अमेरिकेच्या मृदा विभागाने १९०७ साली प्रसिद्ध केला. पुढे १९३१ मध्ये रिचर्ड्स यांनी ओल्या आणि कोरड्या अशा दोन्ही अवस्थांतील प्रवाहासाठी एकच समीकरण दिले.

यातून निघणारा एक निष्कर्ष प्रथमदर्शनी विपरीत वाटतो. ओल्या अवस्थेत वाळूतून पाणी वेगाने जाते आणि चिकणमातीतून हळू. कोरड्या अवस्थेत मात्र हे नाते उलटते. वाळूतील मोठी छिद्रे रिकामी झाली की तिच्यातील पाण्याची वाटच तुटते. चिकणमातीतील बारीक छिद्रांत मात्र पाण्याची अखंड साखळी बऱ्याच काळपर्यंत टिकते. म्हणून सुकलेल्या वाळूपेक्षा सुकत चाललेल्या चिकणमातीतून पाणी अधिक सरकते. जमीन पाणी वाहू देते की नाही, हा प्रश्न ओलीचा उल्लेख केल्याशिवाय विचारताच येत नाही.

अर्धी ओल नसते

दुसरा निष्कर्ष पेरणीच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. थोडा पाऊस पडला तर तो सगळ्या खोलीवर थोडाथोडा पसरत नाही. तो वरचा थर वाफशापर्यंत भिजवतो आणि तेथेच थांबतो. खाली खणून पाहिल्यास ओल्या आणि कोरड्या मातीमधील सीमारेषा हाताला स्पष्ट जाणवते. वरच्या थराची शिल्लक पुरी झाल्यावरच पाणी पुढच्या थरात पाऊल टाकते.

हा हिशेब सोपा आहे. एक मीटर खोलीला १०० मिलिमीटर पाणी धरणाऱ्या हलक्या जमिनीत २० मिलिमीटर पाऊस सुमारे २० सेंटिमीटरपर्यंत ओल नेतो. मीटरला २०० मिलिमीटर पाणी धरणाऱ्या काळ्या जमिनीत तोच पाऊस १० सेंटिमीटरवर थांबतो. उन्हाळ्यात अतिशय सुकलेल्या मातीत तो त्याहूनही वर थांबेल. या चार बोटे ओलीवर केलेली पेरणी उगवून येते, पण नंतर पावसाने दहा-बारा दिवस उघडीप दिली की वरचा थर सुकतो आणि खालच्या कोरड्या थरातून वर काही येऊ शकत नाही. रोपे माना टाकतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज खरिपाची पेरणी करू नये, या कृषी विभागाच्या सल्ल्यामागे हेच कारण आहे. एवढ्या पावसाने काळ्या जमिनीतही सुमारे हातभर ओल जाते आणि पीक पहिला खंड सोसू शकते. दुबार पेरणीत बियाणे आणि खत तर जातेच, पण हंगामही हातचा जातो. कोरडवाहू शेतकऱ्याला हा फटका सहजासहजी भरून काढता येत नाही.

लेखाच्या आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही येथेच मिळते. मे महिन्याच्या अखेरीस मीटरभर खोल काळी जमीन पूर्ण सुकलेली असेल, तर तिची शिल्लक भरून काढण्यासच सुमारे २०० मिलिमीटर पाणी लागते. हेक्टरी हिशेब केला तर ते वीस लाख लिटर होते. जूनचा पाऊस या रिकाम्या कोठारात जातो. कोठार भरल्यावर, म्हणजे बहुधा श्रावणाच्या सुमारास, वरून पडलेले पाणी खाली निघू लागते आणि विहिरीला ते दिसते. जूनचे पाणी वाया गेलेले नसते. श्रावणातील पाण्याची वाट त्यानेच मोकळी केलेली असते.

काळ्या रानाची तऱ्हा

महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भूभाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. या खडकापासून बनलेल्या काळ्या जमिनीत फुगणारी चिकणमाती मोठ्या प्रमाणावर असते. पाणी मिळाले की ती फुगते, सुकली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात काळे रान भेगाळते. काही भेगांत हात सहज जातो आणि त्यांची खोली कधीकधी मीटरभरही असते.

यामुळे काळ्या जमिनीत पहिल्या पावसाची वाट थोडी निराळी होते. काही पाणी मातीतून न झिरपता भेगांवाटे थेट तळाशी उतरते. वरून चार बोटे ओल आणि दोन हात खाली पुन्हा ओल, मधला भाग कोरडा, असे चित्र काळ्या रानात दिसते ते यामुळे. पुढे माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरण्याचा वेग एकदम खाली येतो. हीच जमीन जूनच्या आरंभी मोठी सर गिळते आणि ऑगस्टमध्ये तेवढ्याच सरीला तळे होऊन बसते. काळ्या जमिनीत पावसाळ्यापूर्वी बांधबंदिस्ती आणि उतारास आडवी मशागत पुरी व्हावी, तसेच जादा पाणी सुरक्षितपणे बाहेर काढणाऱ्या सऱ्या असाव्यात, असा आग्रह धरला जातो तो याच कारणासाठी. रुंद वरंबा-सरी पद्धतीत ही दोन्ही कामे साधतात.

या जमिनीची खरी किंमत रब्बीत कळते. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्वारी पेरली जाते आणि पुढे पाऊस जवळजवळ नसतानाही केवळ साठलेल्या ओलीवर ती फेब्रुवारीत काढणीस येते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या लौकिकामागे बियाण्याबरोबरच जमिनीतील पाण्याचे हे कोठारही उभे आहे.

हे कोठार राखण्याची युक्तीही कोरड्या मातीच्या स्वभावातच आहे. पाऊस संपल्यावर पृष्ठभाग ओला असेतो ऊन आणि वारा हवे तेवढे पाणी नेतात. पृष्ठभाग सुकला की तोच कोरडा थर झाकणासारखा काम करतो, कारण कोरड्या मातीतून पाणी वर येऊ शकत नाही. कोळपणीने शेतकरी हे झाकण मुद्दाम तयार करतो. वरची दोन-तीन बोटे माती मोकळी होऊन सुकते, खालच्या मातीशी तिचा सांधा तुटतो, तणे मरतात आणि भेगा बुजतात. काळ्या रानात भेगा बुजवणे हे सर्वांत महत्त्वाचे. कारण उघडी भेग ही खोलवरच्या ओलीला हवेशी जोडणारी खिडकी असते. सोलापूर येथे १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन चालत आले आहे. रब्बी ज्वारीला पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करावी व शेवटच्या वेळी दातेरी कोळपे वापरावे, अशी शिफारस कृषी विद्यापीठ करते. ‘कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ असे जुने शेतकरी म्हणत आले आहेत, त्याचा अर्थ हाच.

थरांचा अडसर

निसर्गात माती एकजिनसी क्वचितच असते. काळ्या मातीखाली मुरूम, मुरमाखाली फुटका खडक आणि त्याखाली कठीण पाषाण असे थर आपल्याकडे सर्वत्र आढळतात. बारीक मातीखाली भरड थर आला की पाण्याला वाट मोकळी होत असेल, असे वाटते. प्रत्यक्षात उलट घडते. बारीक छिद्रांनी घट्ट धरलेले पाणी मोठ्या छिद्रांच्या पोकळीत उतरायला तयार होत नाही. वरचा थर जवळजवळ पूर्ण भिजून पाण्यावरील त्याची पकड ढिली पडली, की मगच ते खाली पडते.

दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्याचे उदाहरण येथे चपखल बसते. प्रथम त्याच्या खालच्या काठातून पाणी ठिबकते. थोड्या वेळाने ठिबकणे थांबते, तरी लुगडे ओलेच असते. खाली सगळी मोकळी हवा असूनही ते पाणी सुटत नाही, कारण कापडाचे धागे त्याला सोडत नाहीत.

या नियमाचे दोन व्यवहारी परिणाम लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पहिला, पुनर्भरणाच्या चरांविषयी. विहिरीशेजारच्या शोषखड्ड्यात दगड, खडी आणि वाळू भरून वर मातीचा थर पसरला, तर ती माती चिंब होईपर्यंत खालची खडी कोरडीच राहील आणि खड्डा निरुपयोगी ठरेल. अशा खड्ड्याच्या तोंडाशी पाणी उघडपणे साचले पाहिजे आणि ते थेट वाळूतून उतरले पाहिजे. गाळ वेगळा अडवावा. वाळूचा वरचा थर दरवर्षी काढून धुवावा.

दुसरा परिणाम निचऱ्याविषयी. सांगली-कोल्हापूरकडील उसाच्या पट्ट्यात चिबड जमिनी सुधारण्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र नळ घातले जातात. हे नळ पिकाची ओल पळवतील, अशी शंका काही शेतकरी बोलून दाखवतात. ती निराधार आहे. भोवतालची माती पूर्ण भरून पाणी मोकळे झाल्याखेरीज ते नळात शिरूच शकत नाही. नळ फक्त जादा पाणी नेतो. वाफशाचे पाणी मातीच्या मुठीतच राहते.

खालून वर येणारे पाणी

पाण्याचा प्रवास वरच्या दिशेनेही होतो आणि तो नेहमी हितकारक नसतो. कालव्याच्या आणि उपसा सिंचनाच्या क्षेत्रात वर्षानुवर्षे जादा पाणी दिल्याने भूजल पृष्ठभागापासून दीड-दोन मीटरच्या आत आले, की केशाकर्षणाने ते सतत वर चढू लागते. वर आल्यावर पाण्याची वाफ होते, पण त्यातील क्षार मागे राहतात. प्रथम पांढरा थर दिसतो. पुढे सोडियमचे प्रमाण वाढून मातीची घडण मोडते, छिद्रे बुजतात आणि जमीन चोपण होते. मग पाणी वरून मुरतही नाही आणि खाली निचरतही नाही. कोरड्या पट्ट्यातील गावाची चिंता पाणी खाली कसे जाईल ही असते, तर बागायती पट्ट्यातील गावाची चिंता ते वर येऊ नये ही असली पाहिजे.

पाझर तलावाची परीक्षा

दार्सींच्या नियमाचा एक भाग पाझर तलावांना तंतोतंत लागू पडतो. अनेक थरांतून पाणी जात असेल, तर सर्वांत कमी पार्यतेचा थर इतरांच्या मानाने पातळ असला तरी बहुधा तोच सर्वांचा वेग ठरवतो. तळाशी कितीही उत्तम मुरूम असला आणि त्यावर वीतभर गाळ बसला, की तलाव मुरमाच्या नव्हे तर गाळाच्या वेगाने पाझरतो. उन्हाळ्यात उघड्या तलावातून दिवसाला ८ ते १० मिलिमीटर पाणी वाफ होऊन जाऊ शकते. गाळ दिवसाला पाचच मिलिमीटर पाणी पाझरू देत असेल, तर गावाने अडवलेले पाणी जमिनीपेक्षा हवेलाच अधिक मिळते.

म्हणून पाझर तलावात मे महिन्यात पाणी दिसणे हे भूषण नव्हे. पावसाळ्यानंतर काही महिन्यांत जो तलाव रिकामा होतो आणि ज्याच्या खालच्या अंगाच्या विहिरी त्या काळात भरलेल्या राहतात, तो तलाव आपले काम करीत आहे असे समजावे. जो भरलेलाच राहतो, त्याचा गाळ पावसाळ्यापूर्वी काढला पाहिजे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत याच कामाला चालना मिळाली. गाळ तलावात पाणी अडवतो, पण तोच हलक्या रानात पसरला की तेथील ओल वाढवतो. एकाच पदार्थाचा गुण जागेनुसार बदलतो, तो असा.

जागा पाहून काम

वरील सर्व गोष्टी ध्यानात घेतल्या, तर शिवाराचे तीन भाग सहज पडतात. माथ्यावर व उतारावर माती उथळ असते. वीत-दीड वीत मातीची शिल्लक थोड्याच पावसाने भरते आणि उरलेले पाणी मुरमातून खाली जाऊ शकते. भूजलाचे पुनर्भरण घडते ते येथे. म्हणून सलग समतल चर आणि गवताचे आच्छादन यांना येथे पहिला मान द्यावा. मधल्या पट्ट्यात खडक फुटका व सांधे असलेला सापडला, तर तेथे पाझर तलाव आणि नाला बांध शोभतात. सखल भागातील खोल काळ्या रानात मात्र पाणी खाली पाठवण्याचा हट्ट धरू नये. तेथे ते मातीतच साठवावे, कोळपणीने राखावे आणि जादा असेल तेवढे निचऱ्याने काढावे. खोल काळ्या चिकणमातीवर बांधलेला पाझर तलाव पाझरत नाही, यात तलावाचा दोष नसतो. जागा चुकलेली असते.

कामाची जागा ठरवण्यापूर्वी एक साधी चाचणी ग्रामपंचायतीला स्वतः करता येते. दोन्ही तोंडे उघडी असलेला पत्र्याचा जुना डबा जमिनीत चार बोटे ठोकावा, त्यात मोजून पाणी ओतावे आणि दर दहा मिनिटांनी पातळी किती उतरली ते पट्टीने मोजावे. आरंभी पाणी वेगाने उतरेल, कारण माती कोरडी आहे. त्या आकड्यावर विसंबू नये. दोन-तीन तास पाणी घालत राहिल्यावर जो वेग स्थिर होतो, तोच बहुतांशी त्या जमिनीचा खरा वेग. डब्याच्या कडेने पाणी आडवे पसरून फसगत होऊ नये, म्हणून त्याभोवती मातीचे आळे करून त्यातही पाणी ठेवावे. माथ्यावर, उतारावर आणि सखल रानात अशा तीन चाचण्या एका दिवसात होतात. त्यांच्या नोंदी ग्रामसभेपुढे ठेवल्या, तर बांध कोणाच्या रानाजवळ व्हावा यावरील वादालाही काही आधार मिळेल. मोठ्या कामासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला अर्थातच घ्यावा.

शिक्षकांना वर्गात दाखवता येईल असा एक प्रयोगही येथे सुचवावासा वाटतो. लांबट आकाराचा स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून तळहातावर आडवा धरावा. ठिबकणे थांबेपर्यंत वाट पाहावी. मग तोच स्पंज न दाबता उभा धरावा. पुन्हा पाणी ठिबकू लागेल आणि पुन्हा थांबेल. तरी स्पंज ओलाच राहील. गुरुत्वाकर्षण किती पाणी नेऊ शकते आणि छिद्रे किती पाणी राखून ठेवतात, हे मुलांना कोणत्याही आकृतीवाचून समजेल. त्यानंतर त्यांना शेतावर नेऊन खड्डा खणावा आणि ओल कोठवर गेली आहे ते बोटाने दाखवण्यास सांगावे.

पावसाचे प्रमाण आपल्या हाती नाही. पडलेल्या पाण्याला कोणती वाट द्यावी, हे मात्र पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे. ती वाट ओल्या जमिनीत एक असते आणि कोरड्या जमिनीत दुसरी. माथ्यावर एक आणि काळ्या रानात दुसरी. येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या शिवारातील या वाटा प्रत्येक गावाने एकदा प्रत्यक्ष पाहून घेतल्या, तर जलसंधारणावर खर्च होणारा पैसा आणि त्यासाठी गाळलेला घाम योग्य जागी मुरेल.